बारा बटणांचं बारसं

आमच्या ऑफिसात तीन वर्षं सकाळी कुणी कुणाला गुड मॉर्निंग म्हटलं नाही. शेषेराव सर जिना चढून वर आले की आम्ही विचारायचो, "आज कोण?"

उत्तर रोज वेगळं असायचं. एकदा ते चष्म्याच्या दोन्ही काचांना खोबरेल तेल फासून आले. दारातल्या कूलरला धडकले, कूलरला "माफ करा दादा" म्हणाले, आणि खुर्ची चाचपून बसल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आज मी कंधारचा हणमंत. मोतीबिंदू हाय. आपरेशन दिवाळी झाल्यावर." मग दिवसभर त्या तेलकट चष्म्यातून ते आमच्या बँकेची वेबसाईट वापरत बसले. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताची चार बोटं पट्टीत गुंडाळलेली. मला वाटलं खरंच लागलं, म्हणून मी खालून मलम आणायला उठले, तर म्हणाले, "बसा म्याडम. मी जळकोटचा किसन हाय. कडब्याच्या मशीनीत बोटं गेली त्येची, अंगठा तेवढा ऱ्हायला. बगू, तुमची साईट एका अंगठ्यानं चालती का."

चालली नाही. ती साईट मी बनवली होती, त्यामुळे मला त्यांचा राग आला होता, हे आधीच सांगून टाकते.

आमची बँक सहकारी. मुख्य कचेरी नांदेडला, खाली शाखा आणि वर आमचा कॉम्प्युटर विभाग. विभाग म्हणजे चार टेबलं, तो कूलर, आणि काचेच्या खोलीत बसणारे विभागप्रमुख पाटील साहेब. मी लातूरची. आमच्याकडे पोरगं नीट चालायला लागायच्या आत क्लासला जायला लागतं. पेपर पहिल्या झटक्यात सोडवायचा आणि पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही, अशी मला सवय. माझं काही चुकलंय हे ऐकायची सवय मात्र नव्हती.

आणि आमच्यात आणून बसवले कोण, तर शेषेराव सोनकांबळे. अठ्ठावीस वर्षं काऊंटरवर काढलेला माणूस. मुखेड, जळकोट, कंधार आणि परत मुखेड. काऊंटरचं काम मशिनींनी घेतल्यावर वरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की साईट बनवणाऱ्यांत एक गिऱ्हाइकं ओळखणारा असावा. सरांच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती, त्यांची रवानगी आमच्याकडे झाली. मी आईला फोनवर सांगितलं की आम्हाला एक रोखपाल दिलाय, त्याला माउस धरता येत नाही. ते खरं नव्हतं. माउस त्यांना धरता येत होता, त्यांना तो धरायचा नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं की ही साईट कुणासाठी आहे. मी म्हटलं, सगळ्यांसाठी. "सगळे म्हंजे कोण कोण? नावं सांगा की," असं म्हणून ते वही उघडून, पेन धरून बसले. मला एक नाव सांगता येईना. मग त्यांनीच लिहायला घेतलं. हणमंत, मोतीबिंदू. किसन, अंगठा. गोदावरीबाई, अक्षर ओळखते पण जोडाक्षरात अडते. असं पान भरलं, मागचंही भरलं. मला वाटलं, म्हातारा नावं मनाने बनवतोय.

त्यांची एक रेक्झिनची पिशवी होती. तिच्यात लोकांनी टाकून दिलेले चष्मे. वजिराबादेतल्या एका चष्मेवाल्याकडून मागून आणलेले, कुठलाही नंबर, कुठलीही फ्रेम. शिवाय लोकरीचे हातमोजे, कापसाचे बोळे, पट्ट्या आणि काच तडकलेला एक मोबाईल. सकाळी पिशवीत हात घालून जे हाताला लागेल ते काढायचं आणि तो दिवस त्या माणसाचा म्हणून काढायचा. एकदा का माणूस ठरला की जेवतानाही सुटका नाही. किसनच्या दिवशी त्यांनी भाकरी डाव्या हाताने मोडली. कानांत बोळे घातले त्या दिवशी पाटील साहेबांनी पाच हाका मारल्या. शेवटी साहेब लालबुंद होऊन बाहेर आले, तर सरांनी कानामागे हात धरला आणि विचारलं, "काय म्हनलाव?" साहेब म्हणाले की ही नाटकं घरी करत जा. सर बोळे काढत शांतपणे बोलले, "घरी कोन बघाय हाय, साहेब?" त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी हैदराबादेत. ते तरोड्याला एका खोलीत एकटे राहायचे. पण तेव्हा आम्ही सगळे हसलो, आणि तेही हसले.

त्यांचे शब्दही त्यांचेच. फिक्या राखाडी रंगात लिहिलेलं काही दिसलं की म्हणायचे, "हे अक्षर आजारी हाय, ह्येला सलाईन लावा." मी तो रंग पुण्याच्या एका नामांकित साईटवरून उचलला होता. ठरावीक सेकंदांत बंद पडणारं पान म्हणजे 'घाईचं पान'. आणि ज्या बटणावर नुसतं चित्र असतं, आत नाव लिहिलेलं नसतं, ते 'मुकं बटण'. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो, हे मला माहीत होतं. पण आत नाव नसेल तर तो बिचारा नुसतं 'बटण' एवढंच बोलतो आणि पुढे जातो, हे मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

एप्रिलमध्ये तर त्यांनी कहर केला. माणूस फोन बघतो तो शेतात, एसटी स्टँडवर, उन्हात, तुमच्या कूलरसमोर बसून बघत नाही, असं म्हणून भर दुपारी दोनला त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं. पाटील साहेबांनाही नेलं. साहेबांच्या डोक्यावर केस नाहीत आणि ते टोपीही घालत नाहीत. पाच मिनिटं आम्ही चौघं तव्यावर उभे राहिल्यासारखे पाय बदलत मोबाईलमध्ये डोळे घालून उभे होतो आणि कुणालाही एक ओळ वाचता आली नाही. खाली उतरल्यावर साहेब दोन ग्लास पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "अक्षर गडद करून टाका ओ." मी केलं. पण ते उन्हामुळे केलं, सरांमुळे नाही, असं मी स्वतःला बजावलं.

त्यांचं सगळ्यात आवडतं पात्र मात्र मुखेडची कौसाबाई. त्या दिवशी पिशवी लागायची नाही. खिशातली मोठी दस्ती डोळ्यांवर घट्ट बांधायची, एका कानात इअरफोन घालायचा, झालं. आठवड्यातून दोनदा तरी कौसाबाई यायची. अंगणवाडीत मदतनीस होती, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तोंडाने फटकळ, एवढी माहिती आम्हाला पाठ झाली होती.

आता फोनचं सांगते. दुपारी डबा उघडायच्या वेळेला सरांना हटकून फोन यायचा. नंबर बघून ते उठायचे, जिन्यात जायचे, तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटायचे आणि परत यायचे. एकदा मी पाण्याची बाटली भरायला गेले तेव्हा ऐकलं. ते आकडे सांगत होते. चार आकडे, दोनदा, सावकाश. बँकेत काम करणारा माणूस जिन्यात लपून चार आकडे सांगतोय, म्हणजे काय समजायचं? मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी सरळ विचारलं.

ते एकदम ओशाळले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस असा ओशाळलेला मी आधी पाहिला नव्हता. मग त्यांनी सांगितलं. शाखांत कार्डं आणि पिन नवे नवे आले तेव्हा लोक काऊंटरवर येऊन पिन मोठ्याने सांगायचे. हे रागवायचे, की असा कुणाला सांगू नये. लोक म्हणायचे, कुणाला कुठं सांगतोय, तुम्हाला सांगतोय. ज्यांना दिसत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, त्यांचा पिन हेच दाबून द्यायचे. लोक विसरून जायचे. ह्यांना विसरताच यायचं नाही. "तेवीस मानसं, म्याडम. मी बदलीवर निगालो आन त्यांचे आकडे माझ्या डोक्यात बसून नांदेडला आले. आता त्यांना लागला की मला फोन. मी कुनाचा एक रुपया हलवला न्हाई. पन हे बरोबर हाय का? दुसऱ्याच्या घराची किल्ली खिशात घिऊन फिरून राहिलो मी."

मी म्हटलं, पिन बदलायला सांगा. ते म्हणाले, बदलायला शाखेत जावं लागतं, तिथं कुणीतरी दाबून देतं, म्हणजे किल्ली फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. त्यांचं त्यांना, कुणाला न विचारता बदलता आलं पाहिजे. आणि नोकरीचे चार महिने राहिले आहेत. "रिटायर व्हायच्या आत हे आकडे खोटे पडाय पाहिजेत. मंग मी सुटलो."

तेव्हा मला कळलं की हणमंत, किसन, गोदावरीबाई ही सगळी खरी माणसं आहेत. आणि सर रोज सकाळी आमच्या कोणत्या पानावर जाऊन अडतात तेही कळलं. 'पिन बदला'. ते पान माझं होतं. सुरक्षेसाठी मी पडद्यावर आकड्यांची बटणं काढली होती, ती दर वेळी जागा बदलायची, आणि सगळं साठ सेकंदांत उरकावं लागायचं. मला त्या पानाचा फार अभिमान होता.

मी त्यांना तक्रार करणार नाही असं सांगितलं. पान बदलते असं मात्र नाही म्हटलं. आमची नवी साईट अजून फक्त ऑफिसातच चालायची, लोकांसाठी तिचं उद्घाटन ठरलं होतं, पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि केलेल्या कामाला पुन्हा हात लावणं माझ्या जिवावर येतं.

उद्घाटनाच्या आधी विभागातल्या सगळ्यांनी एका कागदावर सही करायची होती, की साईट तपासली, चालते. तिघांनी केली. शेषेराव सरांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं आणि म्हणाले, कौसाबाईला चालत नाही. पाटील साहेबांचा पारा चढला. तुमच्या डोक्यातल्या एका बाईसाठी मी चेअरमन साहेबांना काय सांगू, असं त्यांनी विचारलं. सर कागद टेबलावर ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले नाहीत. अकरा वाजता जिन्यात काठीचा आवाज आला. पुढे सर, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे एक सडसडीत, नऊवारी नेसलेली बाई. पहाटेच्या एसटीने मुखेडला जाऊन ते तिला घेऊन आले होते. आम्ही सवयीने विचारलं, "आज कोण?" सर म्हणाले, "आज मी कुनी न्हाई. आज ह्या सोत्ता हायत."

कौसाबाई पाटील साहेबांसमोरच्या खुर्चीत बसली, स्वतःचा फोन काढला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून इअरफोन न लावता, सरांनी त्यात उघडून दिलेल्या साईटवर 'पिन बदला'वर गेली. तिचं बोट पडद्यावर सरकायला लागलं तसा फोन बोलायला लागला. "बटण. बटण. बटण. बटण." दहा आकडे, एक 'पुसा', एक 'पुढे'. बाराच्या बारा मुके. तिने पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. पुन्हा तेच. तेवढ्यात फोन म्हणाला की वेळ संपली आहे. ती न चिडता परत आत गेली. तीन वेळा गेली. मग फोन मांडीवर ठेवून आमच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "बारा लेकरं जल्माला घातली आन एकाचंबी बारसं केलं न्हाई व्हय?"

कुणी हसलं नाही. मला तर मान वर करता येईना. ती बारा लेकरं माझीच होती.

पाटील साहेब हट्टी माणूस. त्यांनी तिच्याकडून फोन घेतला, डोळे मिटले आणि स्वतः करून बघायला लागले. तीनदा वेळ संपली. चौथ्यांदा त्यांनी डोळे किलकिले केले, ते आम्ही पाहिलं, पण तेवढं करूनही जमलं नाही. फोन परत देऊन त्यांनी कौसाबाईसाठी चहा सांगितला आणि मग आत जाऊन दार लावून चेअरमन साहेबांना फोन केला. उद्घाटन तीन आठवड्यांनी पुढे गेलं.

त्या तीन आठवड्यांत मी जेवढं शिकले तेवढं चार वर्षांच्या डिग्रीत शिकले नव्हते. बटणांना नावं दिली. आकड्यांचं जागा बदलणं बंद केलं, त्या जागी दुसरा बंदोबस्त केला. वेळ संपत आली की पान आता विचारतं, "आणखी वेळ हवा का?" आणि सगळ्यात आधी सांगतं, "आकडे ऐकू येतील, इअरफोन लावा." ही शेवटची ओळ सरांची. मी प्रत्येक गोष्ट केल्यावर डोळ्यांवर दस्ती बांधून बघायचे. दस्ती त्यांचीच, मी मागून घेतली होती. ज्या दिवशी बाराही बटणं आपापलं नाव सांगायला लागली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सर मोठा स्टीलचा डबा घेऊन आले. आत हरभऱ्याच्या घुगऱ्या. बारशाला घुगऱ्या वाटतात, तशा त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर कागदावर वाढल्या, खालच्या शाखेतही वाटल्या. शाखेतले लोक विचारत होते, कुणाला काय झालं? सर सांगत होते, "लातूरकर म्याडमला बारा."

मग त्यांनी त्या कागदावर सही केली.

साईट सुरू झाली आणि काही बिघडलं नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, मी त्या रविवारी दुपारी चार तास झोपले. खरी गंमत पुढच्या आठवड्यात. सरांना फोन यायचे, पण आता ते जिन्यात जायचे नाहीत. "बदलला? शाब्बास," म्हणायचे, फोन ठेवायचे आणि तो जुना पिन सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा ओरडून सांगायचे. "एकेचाळीस सव्वीस! सुटला हणमंत!" इतकी वर्षं तोंडावर हात धरून सांगितलेले आकडे ते आता भाजीवाल्यासारखे पुकारत होते. मीही टेबलावरून टाळ्या वाजवायचे. बाविसाव्या दिवसापर्यंत बावीस माणसं सुटली.

राहिली कौसाबाई. तिचा फोन येईना.

सरांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा सुरू झाला. आता ते नुसतेच यायचे, पिशवी न घेता. आम्ही "आज कोण?" विचारलं की हात हलवायचे. दुपारी डबा समोर ठेवून फोनकडे बघत बसायचे, आणि बाकी कुणाचेच फोन येत नव्हते, कारण आता कुणाला काही विचारायचं उरलं नव्हतं. संध्याकाळी डबा न उघडता तसाच परत जायचा, हे मी तीन दिवस पाहिलं. मी म्हटलं, तुम्हीच करा की तिला फोन. ते म्हणाले, मी विचारलं तर तिला वाटेल सर तपासून राहिले. नको. मला मात्र पानाचीच भीती वाटत होती. पुन्हा काहीतरी मुकं राहिलं असेल, ती अडली असेल आणि या वेळी कंटाळून तिने सोडून दिलं असेल.

गुरुवारी पावणेतीनला फोन वाजला. सर सवयीने उठून दोन पावलं जिन्याकडे गेले, मग थांबले आणि परत येऊन बसले. स्पीकर लावला. पलीकडून आवाज आला, "म्या कौसाबाई बोलून राहिले."

"बोला. पान अडलं का कुटं?" सरांनी विचारलं.

"पान व्हय? त्ये तर पयल्याच दिशी झालं. बारा बी लेकरं आपापलं नाव नीट सांगत्यात. बदलला म्या पिन. आन सर, ह्यो तुमाला सांगनार न्हाई."

"नका सांगू. कौसाबाई, अजाबात नका सांगू." सर दोन्ही हातांनी टेबल धरून बसले होते. मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि जुना पिन पुकारला. "शून्य सहा, एक्क्याण्णव!" पण शेवटचं 'सुटली' त्यांना म्हणता आलं नाही.

"सुटलाव तुमी बी," कौसाबाईच म्हणाली.

मी खाली मान घालून हसत होते आणि डोळे पुसत होते. मला इतकं हलकं वाटत होतं की साहेबांच्या खोलीत जाऊन सांगावं, पण उठवेना. सरांनी विचारलं की पहिल्याच दिवशी झालं तर मग इतके दिवस फोन का नाही केला.

"काम न्हवतं म्हून," ती म्हणाली. "काम असलं की करत व्हते. मंग आज इचार केला, काम असंल तवाच बोलायचं का मानसानं? तिकडं एकलेच ऱ्हाताव तुमी." मग तिने विचारलं, "जेवलाव का?"

सरांनी समोरच्या बंद डब्याकडे पाहिलं. "जेवूनच राहिलो," ते म्हणाले.

"कशासंगं?"

ते गडबडले. डबा पुढे ओढला, झाकण उघडलं, वाकून आत बघितलं. "मेथी हाय," ते म्हणाले, आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.